ईव्हीच्या टपावर सोलर प्लेट बसवावी का? (वर्धा जिल्हा, स्वतः मोजलेले आकडे खाली दिले आहेत)

बोरकाठ · १ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात आमचं गाव. आठ एकर वावर, आणि गावातच खत-बियाण्याचं लहान दुकान. गेल्या दिवाळीत टियागो ईव्ही घेतली, २४ युनिट बॅटरीची, वापरलेली. पूर्ण चार्जवर मला खरे १७०-१८० किलोमीटर मिळतात. रोज आर्वीला जाऊन-येऊन १८ किलोमीटर होतात, आठवड्यातून दोनदा वर्धा. गाडीबद्दल काही तक्रार नाही.

बाबांचं म्हणणं रोज एकच असतं: "एवढं ऊन फुकट पडून राहिलं, गाडीच्या डोक्यावर प्लेटा बसवून टाक, लाईनची वाटच पाहायची गरज नाही." ते चुकीचं बोलतात असं मला वाटत नाही. एप्रिलच्या पहिल्या तारखेलाच सकाळी दहा वाजता स्टिअरिंगला हात लावता येत नाही. एवढी ताकद वरून पडते आणि आपण गाडी घेऊन डीपीकडे पाहत बसतो.

परवा एका दुकानदारानं सांगितलं की वाकणारी पातळ प्लेट टपावर चिकटवून देतो, रोज चाळीस किलोमीटर फुकट. पैसे द्यायच्या आधी इथं विचारतोय. टप टेपानं मोजला. सपाट भाग साडेचार फूट बाय साडेतीन फूट भरला. यातून चाळीस किलोमीटर निघतात का? कोणी बसवून पाहिलं असेल तर कृपया सांगा.

ऑरेंजसिटी_ईव्ही · १ एप्रिल, रात्री १०.५५

दादा, पैसे द्यायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. हिशेब सोपा आहे, मांडतो.

तुमचा टप जवळपास दीड चौरस मीटर भरतो. भर दुपारी स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट पडतात. आजची चांगली प्लेट त्यातले २० ते २२ टक्केच विजेत बदलते. म्हणजे पूर्ण टप झाकला तरी ३०० वॉट धरा. ऊन दिवसभर सारखं नसतं. सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं धरून आपल्याकडे वर्षाच्या सरासरीनं रोजचे पाच तास भर उन्हाचे मानतात. ३०० गुणिले ५, दीड युनिट.

आता वजाबाकी. प्लेटचे कंपनीनं छापलेले वॉट २५ अंश तापमानाचे असतात. प्लेटमधला सेल (वीज बनवणारा लहान तुकडा) त्याहून जेवढा तापेल तेवढी दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी. घराच्या छतावरच्या प्लेटखालून हवा खेळते. टपाला चिकटवलेल्या प्लेटखाली पत्रा असतो, आणि त्याच्याखाली गाडीचं अस्तर. ती ७० अंशांपर्यंत सहज जाते, तिथंच १५ टक्के गेले. प्लेट आडवी, त्यामुळे थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलला की आणखी घट. धूळ वेगळी. कंट्रोलरमध्ये (प्लेटची वीज बॅटरीला जुळवून देणारी पेटी) आणि व्होल्टेज चढवताना जाते ती वेगळी. शेवटी बॅटरीत पोचतं ते एक युनिट.

तुमची गाडी एका युनिटला साडेसात किलोमीटर जाते (१८० भागिले २४). तेव्हा दिवसभर उघड्या उन्हात उभी राहिली तर सात-आठ किलोमीटर. चाळीस नाही.

पायवाट_७८ · २ एप्रिल, सकाळी ६.२०

मला यात वेगळं वाटतं. सात-आठ किलोमीटर म्हणजे कमी का? मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा घरापासून तीन किलोमीटर. रोजचं येणं-जाणं सहा. शाळेच्या मैदानात झाड नाही, गाडी साडेदहा ते पाच उन्हातच असते. माझ्यासारखीला आयुष्यभर प्लग लावायला नको, असा याचा अर्थ होतो की नाही? शहरातली माणसं तीनशे किलोमीटरच्या हिशेबानं विचार करतात. गावात बहुतेकांचं रोजचं फिरणं दहा किलोमीटरच्या आतलं आहे. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये एवढंच म्हणणं.

ऑरेंजसिटी_ईव्ही · २ एप्रिल, सकाळी ७.०५

ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. अगदी तुमच्यासारख्या वापरावरच पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीची ईव्हा ही छोटी गाडी बेतलेली आहे. २०२३ च्या ऑटो एक्स्पोत ती पहिल्यांदा दाखवली. टपावरच्या सोलरमधून वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंत, असा कंपनीचाच दावा आहे. म्हणजे दिवसाला आठ-दहा. ती गाडी हलकी, अरुंद, बॅटरीही लहान, म्हणून तेवढ्या उन्हात भागतं. मुळापासून सोलरसाठी आखलेली गाडी वेगळी. दोन वर्षं जुन्या टियागोवर वरून प्लेट चिकटवणं वेगळं.

तारतंत्री · २ एप्रिल, रात्री ८.१५

मी वायरमन हाओ, पुलगावकडे काम करतो. सोलर पंपाचंबी करतो. सायेबांनी हिशेब बरोबर सांगतला, पण एक मोठी गोष्ट राह्यली. त्या प्लेटची लाईन गाडीत घालसान कुठून?

गाडीच्या चार्जिंगच्या सॉकेटातून घालाची तर गाडी ६ अँपिअरच्या खाली चार्ज घेतच नाही. २३० व्होल्टले ६ अँपिअर म्हणजे जवळपास १३८० वॉट. तुमची प्लेट भर दुपारी अडीचशे वॉट देईन. गाडी म्हणते, मले नाही पाहिजे. म्हणजे मधात एक बॅटरी ठेवा लागते, दिवसभर तिच्यात साठवा, मग इन्व्हर्टर लावा, मग गाडीत टाका. दोनदा साठवली का दोनदा गळती. अन् ते डबडं डिक्कीत ठेवलं तर खताची पोती कुठं ठेवता?

दुसरा रस्ता म्हणजे मोठ्या बॅटरीच्या केबलले हात लावणं. ती तीनशेक व्होल्टची डीसी हाये. कोणी "करून देतो" म्हणलं तर त्याच्या दुकानातून उठून या. त्या नारंगी वायरीले कंपनीच्या माणसाशिवाय कोणी हात लावू नये. गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधी येते, परवानगीशिवाय केला अन् उद्या काही जळलं तर विमावाला पाय मागं घेईन, वॉरंटी गेली ते वेगळंच.

पायवाट ताई, तुमच्यासाठीबी हेच. कंपनीनंच प्लेट बसवून देली असन तर घ्या. वरून चिकटवलेली नको.

पुणेमुक्काम_अकोला · ३ एप्रिल, दुपारी १.३०

मूळचा अकोल्याचा, ईव्हीच्या सुट्या भागांच्या कंपनीत काम करतो. जगात हे कुठवर आलं ते सांगतो, म्हणजे बोरकाठ दादांना दुकानदाराच्या बोलण्याचं वजन कळेल.

नेदरलँडची लाइटइयर ० नावाची गाडी होती. तिच्या टपावर, बॉनेटवर, मागच्या झाकणावर मिळून ५ चौरस मीटर सोलर. म्हणजे दादांच्या टपाच्या तिप्पटीहून जास्त. पूर्ण गाडीची आखणी वारा कापण्यासाठी केलेली. चांगल्या उन्हात दिवसाला ७० किलोमीटर असं ते म्हणायचे. किंमत अडीच लाख युरो. २०२२ च्या शेवटी उत्पादन सुरू झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये थांबलं. त्यानंतरच्याच महिन्यात जर्मनीच्या सोनो मोटर्सनं आपली सायन ही सोलर गाडी सोडून दिली. टोयोटानं २०१९ मध्ये शार्पसोबत प्रियसवर ८६० वॉटच्या प्लेटा लावून चाचणी केली, पण ते सेल ३४ टक्क्यांहून जास्त क्षमतेचे, उपग्रहांवर लावतात त्या जातीचे. ते बाजारात आपल्याला परवडणारे नाहीत.

मला सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण आपल्या रेल्वेचं वाटतं. जुलै २०१७ मध्ये दिल्लीकडच्या एका डेमू गाडीच्या डब्यांवर प्लेटा बसवल्या. डब्याचं छत केवढं मोठं! एका डब्यावर ३०० वॉटच्या १६ प्लेटा. तरी त्या विजेवर दिवे आणि पंखेच चालतात, गाडी ओढायला इंजिनच लागतं. रेल्वेच्या इंजिनिअरांना छताची ताकद किती हे नेमकं माहीत होतं आणि त्यांनी तिच्याकडून तेवढंच काम मागितलं.

आणि हे अशक्यच आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियात डार्विन ते अ‍ॅडलेड ३००० किलोमीटरची सोलर गाड्यांची शर्यत १९८७ पासून होते. गाड्या धावतात. पण त्यातल्या बहुतेक गाड्यांत एक माणूस कसाबसा आडवा बसतो, तिथं एसी नाही आणि मागं डीएपीची पोती नाहीत.

बोरकाठ · ३ एप्रिल, रात्री १०.१०

तारतंत्री भाऊ, ६ अँपिअरची गोष्ट दुकानदारानं सांगितलीच नव्हती. मोठं नुकसान वाचवलंत. तरी बाबांचं समाधान कागदावर होणार नाही, त्यांना डोळ्यानं पाहायचं असतं. बहिणीकडे घराच्या सोलरमधली एक ३३५ वॉटची प्लेट उरलेली आहे. ती गाडीवर ठेवून मोजतो. मग लिहितो.

बोरकाठ · ११ एप्रिल, रात्री ९.००

मोजलं. सविस्तर लिहितो.

प्लेट साडेसहा फूट लांब, वजन २२ किलो. दोघांनी उचलून टपावर घातली, खाली जुनी गोदडी, समोरच्या काचेवर फूटभर आली. त्यामुळे चालवण्याचा प्रश्नच नव्हता, पहिल्या दिवशी गाडी फक्त उभी ठेवली. प्लेटची वायर डिक्कीतल्या कंट्रोलरला, आणि तिथून दोन जुन्या इन्व्हर्टर बॅटऱ्यांना. कंट्रोलरच्या पडद्यावर दिवसभराचे युनिट दिसतात.

पहिला दिवस, गाडी खळ्यात. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, वर एक पानही नाही. सव्वाबारा वाजता २५४ वॉट दिसले, तो दिवसातला सगळ्यात मोठा आकडा. ३३५ वॉटची प्लेट २५४ च्या वर गेली नाही. दुकानातली तापमान पाहायची बंदूक लावली तर काच ६८ अंश. दिवसाचे एकूण १.६ युनिट.

दुसऱ्या दिवशी गाडी मी रोज उभी करतो तिथंच ठेवली, दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली. सकाळी नऊपर्यंत ऊन, मग सावली, चारनंतर पुन्हा थोडं. दिवसाचे ०.४. नेमकं काय होतं ते बाबांनी स्वतः पाहिलं. एक फांदी प्लेटच्या खालच्या कोपऱ्यावर आली, ओंजळभर सावली असेल, आणि आकडा १९० वरून एकदम ६५ च्या घरात. बाबांनी फांदी हातानं वर धरली, आकडा चढला. सोडली, उतरला. चार-पाच वेळा केलं त्यांनी. म्हणाले, "पायपात बोळा अडकल्यासारखं होते हे."

तिसऱ्या दिवशी आठवडी बाजार. गाडी प्लेटीशिवाय घेऊन गेलो आणि उभी केली त्या जागी ऊन किती वेळ असतं ते फक्त पाहत राहिलो. बाजार समितीच्या भिंतीची सावली साडेबारापर्यंत, नंतर ट्रक आडवा.

पण सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या दिवशी संध्याकाळी कळलं. गाडी अकरा तास उन्हात होती. आत बसलो तर श्वास घेववेना. प्लेट उतरवली आणि एसी फुल लावून आर्वीला निघालो. पहिली दहा मिनिटं एसीनं इतकी ओढली की रोजच्यापेक्षा बॅटरी दीड टक्का जास्त उतरली. दीड टक्का म्हणजे माझ्या बॅटरीत ०.३६ युनिट. दिवसभरात कमावलेल्या १.६ मधले तेवढे तिथंच गेले. शिवाय बॅटरी स्वतः तापली, तिचा पंखा थांबेचना. म्हणजे प्लेटला ऊन हवं आणि गाडीला सावली हवी. दोघांना एका जागी बांधलं की एकाचं नुकसान ठरलेलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी घामानं शर्ट सीटला चिकटला तेव्हा समजलं.

पुणेमुक्काम_अकोला · ११ एप्रिल, रात्री ९.४५

दादा, फार मोलाची नोंद. फांदीचं कारण असं, की प्लेटमधले सेल एकामागं एक जोडलेले असतात. एकावर सावली आली की त्याच्या ओळीतल्या सगळ्यांचा प्रवाह तेवढाच उरतो. मागं बायपास डायोड असतात, ते सावलीतली ओळ बाजूला काढतात, म्हणून आकडा एकदम शून्य झाला नाही. बाबांची पायपाची उपमा अगदी नेमकी आहे.

तीनचाकी_हिंगणघाट · १३ एप्रिल, दुपारी ३.१०

तुमचं सगळं वाचलं. माझी ई-रिक्षा हाये, स्टेशन ते बसस्टँड. मी टपावर प्लेट लावून दोन वर्षं होऊन राहिली, अन् माझी जमते. म्हणून लिहितो, नाही तर लोक म्हणतीन का चाकाच्या गाडीवर सोलर चालतच नाही.

माझ्या रिक्षाले १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, लेडवाल्या, १०० अँपिअरच्या. सगळ्या मिळून पाचेक युनिट. टप सपाट अन् लांब, ३३५ ची प्लेट पुरी बसते. गाडी चालते पंचवीसच्या स्पीडनं, एसी नाही, काच नाही. दिवसभर स्टँडवर उन्हातच उभी, नंबर येईपर्यंत. आधी पंचाहत्तर किलोमीटरवर मरत होती, आता उन्हाळ्यात नव्वद-पंच्याण्णव पडते. दुपारी जेवाले घरी जाऊन चार्जिंग लावत होतो ते बंद झालं, तेवढ्यात दोन फेऱ्या होतात. मुख्य म्हणजे बॅटऱ्या पार तळाला जात नाहीत म्हणून जास्त टिकून राहिल्या. आधीचा सेट वर्षातच बसला होता.

नुकसानबी सांगतो. वळणावर डोकं जड लागते. वादळ आलं का क्लॅम्प पाहा लागते. मागच्या उन्हाळ्यात एक नट ढिला होऊन प्लेट खडखड करत होती, मागून येणाऱ्या पोरानं ओरडून सांगतलं म्हणून वाचलो. ४८ व्होल्टच्या बॅटरीले चढवून देणारा कंट्रोलर लागते, साधा चालत नाही.

ऑरेंजसिटी_ईव्ही · १३ एप्रिल, दुपारी ४.००

भाऊ, हेच उदाहरण हवं होतं. तुमची रिक्षा एका युनिटला पंधरा-सोळा किलोमीटर जाते, कारची दुप्पट. टपही मोठा. आणि धंद्याची गाडी असल्यामुळे ती उन्हातच असते. तेवढीच प्लेट, तेवढंच ऊन, पण कारला आठ-दहा किलोमीटर आणि रिक्षाला वीस.

संत्रापट्टा · १५ एप्रिल, रात्री ८.३०

राम राम. वरुडकडचा कास्तकार. तुम्ही सारे गाडीचा टप मोजून राहिले, मी वावरातल्या प्लेटांबद्दल बोलतो.

मले सोलर पंप भेटला, ५ एचपीचा. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत, दहा टक्के भरून. ४८०० वॉटच्या प्लेटा हायेत. दिवसा ओलीत होते, रातच्या लाईनीले सापात जा लागत नाही, त्याचं समाधान मोठं हाये. पण आता विहिरीले पाणी दोन तास पुरते. दहा वाजता पंप उपसून मोकळा. मंग दहापासून सांजीपर्यंत त्या प्लेटा नुसत्या तापतात. पावसायात तर महिना महिना पंपाले हात लावत नाही. गाडीचा टप दीड मीटरचा, अन् इथं वीस-पंचवीस मीटरच्या प्लेटा कामाविना उभ्या. मले नेहमी वाटते का ह्या विजेनं माही स्कूटी तरी चार्ज झाली पाहिजे. कोणी केलं का?

तारतंत्री · १५ एप्रिल, रात्री ९.२०

संत्रापट्टा काका, तुमच्या मनात आलं ते खरं हाये, पण हात जोडून सांगतो, स्वतःहून वायर काढू नका.

त्या प्लेटा एकामागं एक जोडल्या असतात, दोन टोकाले कित्येकशे व्होल्ट डीसी राहते. घरची एसी लाईन एका सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून ठिणगी पडली तरी तुटते. डीसी कधीच शून्यावर येत नाही. माह्यासोबतच्या पोरानं एकदा भर उन्हात, पंप चालू असताना, प्लेटांमधलं काळं कनेक्टर ओढलं. दोन टोकांच्या मधात निया जाळ उभा राह्यला, बोटभर लांब, अन् तो विझेचना. वेल्डिंग करून राहिले असं वाटत होतं. पोरगं मागं पडलं म्हणून वाचलं, तळहाताची कातडी गेली. तवापासून मी पहिले स्विच पाडतो, मंग प्लेटांवर ताडपत्री टाकतो, मंगच हात लावतो.

सरळ रस्ता हाये. युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर म्हणून येते. त्यात पंप बंद असला का तीच वीज कडबा कुट्टीले, पिठाच्या गिरणीले, बॅटरी चार्जिंगले फिरवता येते. केंद्राच्या कुसुम योजनेच्या नियमात ह्या कंट्रोलरले मान्यता हाये. पण तुमच्या पंपाले पाच वर्षं दुरुस्तीची हमी अन् विमा हाये. ज्यानं बसवला त्याच्याकडूनच लेखी विचारून करा. बाहेरच्या माणसानं पेटी खोलली तर हमी गेली समजा.

संत्रापट्टा · १६ एप्रिल, सकाळी ५.५०

बरं झालं विचारलं. कडबा कुट्टीचं तर डोक्यातच नव्हतं आलं. लेखी अर्ज देतो.

बोरकाठ · १६ एप्रिल, रात्री ९.३०

आता माझा विचार फिरलाय. टपावर काही नाही. घराला लागून गोठा आहे, त्याच्यावर टिनं, दक्षिणेकडे उतार. गाडी त्याच्याच बाजूच्या पडवीत, सावलीत. तीन किलोवॉट बसवले तर? केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे असं वाचलं. आमच्याकडे लाईन दिवसा दोन-तीनदा जाते, तेव्हा सोलर चालू राहील ना?

ऑरेंजसिटी_ईव्ही · १६ एप्रिल, रात्री १०.१५

अनुदानाचा आकडा बरोबर आहे. मात्र त्यासाठी भारतात बनलेल्या सेलच्याच प्लेटा लागतात, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या.

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा, आणि गावात बरेच लोक इथंच फसतात. लाईन गेली की नेट मीटरवाला सोलर (उरलेली वीज लाईनीत देऊन मीटरमध्ये जमा करणारा) बंद पडतो, भर उन्हात सुद्धा. डीपीवर काम करणाऱ्या लाईनमनच्या अंगावर तुमच्या छतावरची वीज जाऊ नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. पण तुम्हाला त्याची अडचण होणार नाही. तुमचं घर गावठाण फिडरवर (गावातल्या घरांच्या वेगळ्या लाईनीवर) आहे, रात्री लाईन असते. दिवसा सोलरनं मीटरमध्ये जमा करायचं, रात्री गाडीनं उचलायचं. तीन किलोवॉट वर्षाच्या सरासरीनं दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतात. तुमची गाडी रोजची अडीच युनिट, वर्ध्याची फेरी असेल त्या दिवशी जास्त. घराचं धरूनही पुरून उरेल.

जे वावरातच घर करून राहतात आणि शेतीच्या फिडरवर आहेत त्यांचं गणित वेगळं. तिथं लाईन आठवड्याच्या पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. त्यांना बॅटरीवाला इन्व्हर्टरच लागेल, आणि तो महाग आहे.

माहेर_मूर्तिजापूर · १७ एप्रिल, दुपारी २.२०

दादा, टिनावर बसवणार असाल तर एक सांगते, आमच्याकडे झालेलं आहे. वानरं. आमच्या गोठ्यावर ती कळपानं उड्या मारतात, एक नर दहा-बारा किलोच्या वर असतो. प्लेटची काच टिकली, पण टिनाला मारलेले स्क्रू सैल झाले आणि पावसाळ्यात ढोरांच्या अंगावर पाणी. आम्ही मग टिनाला न टेकवता खाली जमिनीतून चार पाइप उभे करून त्यावर सांगाडा घेतला. टिन आणि प्लेटमध्ये दीड-दोन फूट हवा आहे. प्लेटा कमी तापतात आणि खाली गोठाही थंड राहतो, म्हशी दुपारी तिथून हलत नाहीत.

गारपिटीची भीती वाटायची. प्लेटांची चाचणी २५ मिलिमीटरच्या गारेची असते. त्याहून मोठी गार आली तर सांगता येत नाही, म्हणून घराच्या विम्यात प्लेटा लिहून घेतल्या.

तारतंत्री · १७ एप्रिल, रात्री ८.४०

ताईनं लाख मोलाचं सांगतलं. पाइपाचाच सांगाडा करा.

अन् बोरकाठ भाऊ, तुमचं अर्थिंग कसं हाये ते पाह्यलं का? गावात घरोघरी अर्थिंगची वायर बोरिंगच्या पायपाले नाही तं खिडकीच्या गजाले बांधली असते. ईव्हीचा चार्जर ते ओळखते अन् लाल लाईट देऊन बसते. माह्याकडं येणाऱ्या दहा तक्रारीतल्या सहा-सात तेवढ्याच असतात.

बोरकाठ · १७ एप्रिल, रात्री ९.००

तोच लाल दिवा मला दर आठ-पंधरा दिवसांनी दिसतो! मी चार्जर खराब समजून बदलायला निघालो होतो.

तारतंत्री · १७ एप्रिल, रात्री ९.२५

चार्जर बदलू नका. भिंतीपासून पाच फूट सोडून आठ फूट खड्डा घ्या. मधात जस्त चढवलेली लोखंडी प्लेट उभी, भोवती कोळसा अन् मीठ थरावर थर. वर एक पाइप अन् त्यावर चाडी. उन्हाळ्यात दर आठ दिवसानं बादलीभर पाणी त्या चाडीतून टाकाचं. आपली काळी माती सुकली का भेगा पडतात, मंग अर्थिंग तुटते. सोलरले वेगळा खड्डा, वीज पडण्याच्या तारेले वेगळा. एकातच सगळं बांधू नका.

पायवाट_७८ · १८ एप्रिल, सकाळी ६.१०

वाचून माझंही मत बदललं. आमच्या शाळेचं छत शंभर फूट लांब आहे आणि मी तीन किलोमीटरसाठी गाडीचा टप मोजत होते. शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय मांडते. छतावर प्लेटा आल्या तर पोरांचे पंखे आधी, आमच्या गाड्या नंतर.

बोरकाठ · २ नोव्हेंबर, रात्री ८.५०

बरेच महिने झाले, धागा वर काढतो, कारण काही जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नेट मीटर लागला. ५४० वॉटच्या सहा प्लेटा, सव्वातीन किलोवॉट, गोठ्यावर पाइपाच्या सांगाड्यात. वरून पाहिलं तर पावणेदोनशे चौरस फूट. गाडीचा टप पंधरा-सोळा फूट होता.

आभाळ भरलेलं असताना दिवसाला ५ ते ७ युनिट, एक दिवस तर ३ वरच थांबला. ऑक्टोबरचं ऊन पडलं तसे १३ पर्यंत गेले. गाडी रात्री अकरानंतर लावतो, तेव्हा गावात व्होल्टेज चांगलं असतं. संध्याकाळी सात वाजता १८० पर्यंत उतरतं आणि चार्जर मध्येच थांबतो, हे नवीन ईव्ही घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. लाल दिवा खड्डा केल्यापासून एकदाही लागला नाही.

दसऱ्यानंतर सोयाबीन निघालं. खळ्यावर दोन दिवस मळणी चालली, भुसा-धूळ सगळी प्लेटांवर. १३ चे १० झाले. आई सकाळी अंगणात सडा टाकते, ती म्हणाली, यांच्यावरही मारते पाणी. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी १२.६. बाबा आता रोज संध्याकाळी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहितात, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी.

एक अडचण आहे. काचेवर पांढरे ठिपके राहायला लागलेत, पुसले तरी जात नाहीत. काय करावं?

तारतंत्री · २ नोव्हेंबर, रात्री ९.३०

बोअरचं पाणी मारून राहिले न? ते क्षार हायेत. गरम काचेवर पाणी सुकलं का डाग बसते, अन् तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकलं तर तडकाची भीती. सकायी सहाच्या आत धुवा, काच थंड असते. एका बादलीत अर्धा कप पांढरं व्हिनेगर टाकून सुती फडक्यानं डाग पुसा, मंग साध्या पाण्यानं धुऊन घ्या. राख, साबणाची पावडर, तारेचा चोथा, काहीच लावू नका. विहिरीचं पाणी गोडं असन तर तेच वापरा.

बोरकाठ · २ नोव्हेंबर, रात्री ९.४०

विहिरीचं गोडं आहे. उद्या सकाळी आईला तेच भरून देतो.